पितळी मुठीवरचा अंगठा

दाराच्या मुठीवरून माणसाची परीक्षा होते हे कुणाला खोटं वाटत असेल, तर त्याने जर्मनीत एस्लिंगेनला आमच्या गल्लीत येऊन तीन आठवडे राहावं. तीन अशासाठी, की आमच्या इमारतीत घरं तीन आणि पाळी दर तिसऱ्या आठवड्याला येते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर ‘झाडूचा आठवडा’ अशी लाकडी पाटी लटकते. पाटी लटकली की त्या घराने जिना पुसायचा, तळघराच्या पायऱ्या झाडायच्या, पुढचा फुटपाथ झाडायचा आणि शनिवारी दुपारच्या आत पुढच्या दाराची पितळी मूठ घासून लख्ख करायची. तळघरात अंधार असतो, फुटपाथवर वारा असतो, तिथे थोडं इकडेतिकडे चालतं. मूठ मात्र सगळे बघतात.

सगळे म्हणजे मुख्यतः आइझेलेबाई. वय एक्याऐंशी, बिऱ्हाड तळमजल्यावर, खिडकी पुढच्या दाराला लागून. खिडकीच्या कट्ट्यावर उशी, उशीवर बाईंची कोपरं. पहिल्या मजल्यावर रुओफ मास्तर. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर फक्त शिकवणं सोडलं. पोरं कॉपी करताहेत हा संशय तसाच ठेवला. दुसऱ्या मजल्यावर मी, हार्टमुट गोमेल, भूमापन कार्यालयातला अधिकारी, आणि माझी बायको रेनाटे. एकोणीस वर्षं आम्ही तिघे शेजारी गुण्यागोविंदाने एकमेकांवर लक्ष ठेवून होतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी ती मूठ तासभर घासली. मानेला रग लागली. तासाभराने पोस्टमन आला आणि आपला घामट पंजा तिच्यावर ठेवून गेला. रविवारी सकाळी आइझेलेबाईंनी मला जिन्यात गाठलं.

“गोमेल, काल बरं नव्हतं का तुम्हाला?”

“बरं होतं की. का?”

“नाही, मूठ बघून वाटलं मला.”

बाई एवढंच बोलल्या आणि काळजीच्या चेहऱ्याने आत गेल्या. शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. त्या दुपारी रेनाटेने मसुराची आमटी आणि श्पेट्झले, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया, केल्या होत्या, माझा आवडता बेत, पण मी ताट बाजूला सारलं.

“एका मुठीपायी?” रेनाटे म्हणाली.

“मुठीपायी नाही. इभ्रतीपायी.”

“मग इभ्रत जरा जोरात घासायची होतीस.”

हे बोलणं रेनाटेचा भाऊ गेरोल्ड याच्या कानावर गेलं, आणि इथून पुढच्या सगळ्याला मी त्याला जबाबदार धरतो. गेरोल्ड शेजारच्या गावात एका कारखान्यात आहे. तिथे नळाच्या तोट्या, घड्याळांच्या पेट्या, महागड्या पेनांची टोपणं अशा धातूच्या वस्तूंवर रंगीत मुलामा चढवतात.

“दाजी, पितळ कसलं घासत बसता?” तो म्हणाला. “आणा माझ्याकडे. असा मुलामा देतो, की शंभर वर्षं पोस्टमन आले नि गेले तरी ओरखडा उठायचा नाही.”

“सोन्याचा?” मी संशयाने विचारलं.

“सोन्याचा कणसुद्धा नाही. टायटॅनियम. एका बंद भट्टीतली सगळी हवा ओढून काढायची, आत टायटॅनियमची वाफ करायची, थोडा नायट्रोजन सोडायचा. ती वाफ जाऊन वस्तूवर बसते. थर म्हणाल तर केसाच्या जाडीचा विसावा हिस्सासुद्धा नाही, पण पोलादापेक्षा टणक. आणि रंग? पितळ घासल्यावर येतो ना, तस्सा.”

“मग लगेच घाल भट्टीत.”

“लगेच नाही हो. पितळातलं जस्त त्या पोकळीत उकळून बाहेर येतं. आधी निकेल-क्रोमचा मुलामा, मग आमचा. तीन दिवस द्या.”

सोनं नसून सोनेरी, वाफ असून पोलादाहून टणक. माझ्यासारख्या मोजणीच्या माणसाला हे सगळं संशयास्पद वाटायला हवं होतं. पण अपमान झालेला माणूस मोजमाप करत नाही.

आता कायद्याचा भाग. पुढच्या दाराची बाहेरची बाजू तिन्ही घरमालकांच्या सामाईक मालकीची. तिच्यात बदल करायचा तर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या वार्षिक सभेत ठराव हवा. मागे पायपुसण्याच्या रंगाचा ठराव आम्ही चार वर्षं चालवला होता आणि शेवटी जुनंच पायपुसणं उलटं करून घातलं होतं. तेव्हा मी ठरवलं, की मूठ गुपचूप करून आणायची आणि ऑगस्टच्या सभेत उभं राहून शांतपणे सांगायचं, ‘मंडळी, जून महिन्यापासून ही मूठ कुणी घासण्याची गरजच नव्हती.’ त्यानंतरच्या टाळ्या मी अंघोळ करताना बऱ्याचदा ऐकल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आइझेलेबाई नातीच्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी उल्मला लेकीकडे गेल्या. रुओफ मास्तर गुडघेदुखीमुळे घरातच होते. बुधवारी मी मूठ काढली आणि तिच्या जागी बाजारातून आणलेली ॲल्युमिनियमची पांढरी मूठ बसवली. कुणी पाहिलं नाही, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी गेरोल्डने मला कारखान्यात बोलावलं. अंगात पांढरा झगा, डोक्यावर टोपी, हातांत हातमोजे घालून मला आत घेतलं. क्रोम चढून, तीन-तीन पाण्यांत धुऊन, वाळवून माझी मूठ नळाच्या चाळीस तोट्यांच्या मधोमध सळईवर बसली होती. भट्टीत जायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात गेरोल्डला कुणीतरी हाक मारली.

“दाजी, कशाला हात लावू नका,” असं सांगून तो गेला.

मी हात लावणार नव्हतो. पण मुठीवर मला एक तंतू दिसला. आता आमच्या मुलखाची एक गोष्ट सांगतो. आम्ही कुठलीही वस्तू धुवायला टाकताना आधी धुऊन टाकतो. आमच्याकडे गुरुवारी साफसफाईला बाई येते, म्हणून रेनाटे बुधवारी सगळं घर साफ करते. उगाच परक्या माणसाने आपली घाण बघायला नको. असे संस्कार झालेला माणूस, आपल्या इमारतीची मूठ परक्या तोट्यांच्या शेजारी तंतूसकट भट्टीत जाऊ देईल का? खिशातला रुमाल काढण्यासाठी मी उजव्या हातातला मोजा उतरवला. मुठीवर हलकेच ‘हाः’ केलं, रुमालाने तंतू टिपला, मूठ वळवून दुसरी बाजू तपासली आणि मोजा परत चढवला. गेरोल्ड आला तेव्हा मी मागे हात बांधून सज्जनासारखा उभा होतो.

त्याच संध्याकाळी, भट्टीवरच्या पोराने कागदात गुंडाळून दिलेली मूठ मी घाईघाईने दाराला लावली. मावळतीच्या उन्हात तिच्याकडे बघताना डोळे दिपत होते आणि खरं सांगतो, मला भरून आलं. इतकी सुंदर ती नवी असतानाही नसेल.

शनिवारी आइझेलेबाई परतल्या. पाळी त्यांचीच होती. पिशवी ठेवून त्यांनी फडकं घेतलं, मूठ घासली, डोळे बारीक केले, परत घासली, आणि त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत आला.

“कुणाचा हा अंगठा?”

मी खाली गेलो. मुठीच्या बरोबर वरच्या अंगाला, जिथे ऊन सगळ्यात छान पडतं तिथे, तपकिरी-जांभळट रंगाचा एक ठसठशीत अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ मोजता यावी असा. मी बाईंच्या हातून फडकं घेतलं आणि पुसलं. अंगठा होता तिथेच होता.

मी वर जाऊन न्हाणीघराचं दार लावलं आणि गेरोल्डला फोन केला. डाग कसा दिसतो ते त्याने नीट विचारून घेतलं.

“दाजी, तुम्ही हात लावलात.”

“तंतू होता रे.”

“बोटाचं तेल राहिलं आणि त्याच्यावर थर बसला. असं झालं की कधी पोपडा निघतो, कधी कायमचं राहतं.”

“आपलं काय होईल?”

“तुमचं नशीब बघता, राहील.”

“मग थर काढून टाक.”

“काढायचा तर तेजाबात टाकावी लागेल. आतलं पितळ वाचेल याची खात्री मी देत नाही. आधीच सांगितलं होतं, शंभर वर्षं टिकेल म्हणून.”

मुलाम्याची बातमी आणि अंगठ्याची बातमी एकमेकींपासून सुटी करता येत नव्हती. मी पहिली सांगितली तर दुसरी आपोआप सांगितल्यासारखी होती. म्हणून मी दोन्ही पोटात ठेवल्या आणि तिथून आमच्या इमारतीची शांतता गेली.

आइझेलेबाईंचं म्हणणं असं, की आपण मूठ घासून आत गेलो की कुणीतरी मुद्दाम येऊन अंगठा दाबतं. त्यांचा संशय रुओफ मास्तरांवर. मास्तरांचं म्हणणं असं, की बाईंना आता दिसत नाही आणि घासणंही होत नाही, डाग मुरलाय. पुढच्या शनिवारी मास्तरांची पाळी आली. त्यांनी व्हिनेगर, मीठ आणि पिठाचा लगदा थापला. मग टोमॅटोचा रस. मग राख. मग लिंबू. मग दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगून, नाकाला फडकं बांधून, एका काळ्या बाटलीतलं काहीतरी. मूठ दर वेळी अधिकच चमकली आणि तिच्यावरचा अंगठा अधिकच उठून दिसला.

“हे पितळासारखं वागत नाहीये,” मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले.

“जुनं पितळ आहे,” मी म्हणालो. “जुनी माणसंसुद्धा विचित्र वागतात.”

मास्तर हसले नाहीत. संध्याकाळी ते भिंग घेऊन मुठीपाशी वाकलेले दिसले. सोमवारी त्यांनी जिन्यातल्या फळ्यावर निष्कर्ष लावला: ठसा उजव्या अंगठ्याचा, पुरुषाचा, मधोमध तिरपा व्रण. मोजणीची खुंटी ठोकताना माझ्या उजव्या अंगठ्यावर हातोडी बसली होती, त्याला बावीस वर्षं झाली. मी त्याच दिवशी अंगठ्याला पट्टी बांधली.

“काय झालं अंगठ्याला?” रेनाटेने विचारलं.

“कापला.”

“कशाने?”

“कागदाने.”

“कागदाने? आणि नेमका आज, मास्तरांनी फळ्यावर लावल्यावर?”

रेनाटेपासून मी काही लपवू शकत नाही. सगळं ऐकून ती बिछान्यावर आडवी पडून हसली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, “एवढं शिकलास, अधिकारी झालास, आणि शेवटी दारावर अंगठा उठवून आलास.”

एखादी पट्टी किती आठवडे बांधावी याला मर्यादा आहे. जुलैत मी हातमोजे घालू लागलो. बाहेर बत्तीस अंश आणि मी लोकरीच्या मोज्यात हात घालून पाव आणायला जात होतो. मास्तरांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला वाइन प्यायला बोलावलं. माझ्यापुढे पातळ काचेचा, नुकताच पुसलेला, अगदी स्वच्छ पेला ठेवला आणि तो मी कसा उचलतो ते बघत बसले. मी पेला रुमालात गुंडाळून प्यायलो.

“गार लागतो का?” मास्तर म्हणाले.

“दात शिवशिवतात.”

“पेला दातांनी धरता?”

मग त्यांनी सूचना मांडली, की प्रत्येकाने स्वखुशीने शाईच्या गादीवर अंगठा दाबून द्यावा. मी ताठ उभा राहून म्हणालो, की अंगठ्याचा ठसा ही माणसाची खाजगी माहिती आहे, तिच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि तत्त्व म्हणून माझा विरोध आहे. आमच्या देशात हा कायदा काढला की समोरचा गप्प बसतो. मास्तरही गप्प बसले, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

नाइलाजाने मी आमच्या इमारतीचा कारभार बघणारे फाइग्ले यांना फोन केला.

“समजा, फाइग्ले, एखाद्याने पुढच्या दाराच्या मुठीला मुलामा दिला.”

“कोणी?”

“समजा म्हटलं मी.”

“रंग बदलला?”

“तोच.”

“चकाकी?”

“किंचित जास्त.”

“मग तो इमारतीच्या दर्शनी भागातला बदल झाला. पूर्वपरवानगीचा अर्ज तीन प्रतींत. नाहीतर मूळ स्थितीत आणून द्या.”

“मूळ स्थितीत येत नसेल तर?”

“मग पूर्वपरवानगी घ्या.”

“पण ते होऊन गेलंय. म्हणजे, समजा.”

“मग पूर्व राहिलं नाही,” फाइग्ले म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

इथपर्यंत हे सगळं माझ्या एकट्याच्या इभ्रतीचं होतं आणि तेवढ्यासाठी मी हिवाळ्यापर्यंत मोजे घालून फिरलो असतो. थंडीत तर कुणी विचारलंही नसतं. पण ऑगस्टच्या सुरुवातीला रेनाटे तळमजल्यावर केक द्यायला गेली आणि वर आली ती न हसता.

“आइझेलेबाईंच्या हाताला फोड आलेत,” ती म्हणाली. “रोज घासतात. पाळी नसली तरी. पहाटे, कुणी उठायच्या आत.”

“रोज?”

“दोनदा चष्मा बदलला त्यांनी. लेकीचं, गुड्रुनचं, आणि त्यांचं ठरलेलं आहे म्हणे. झाडूचा आठवडा जमतोय तोवर इथं राहायचं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी उल्मच्या वृद्धाश्रमात. आणि मास्तरांनी गुड्रुनला पत्र लिहिलंय. काळजीपोटी.”

सभेची विषयपत्रिका दुसऱ्या दिवशी आली. विषय सहावा: श्रीमती आइझेले यांना वयोमानानुसार झाडूच्या आठवड्यातून मुक्त करणे. मांडणार, रुओफ. मी तो कागद चार वेळा वाचला. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आता काय करायचं हे मला स्पष्ट दिसत होतं.

तरी सभेपर्यंत मी काही बोललो नाही. शूर माणसं वेगळी असतात.

सभा आइझेलेबाईंच्या दिवाणखान्यात भरली. फाइग्ले आपली फाइल घेऊन आले, उल्महून गुड्रुन आली. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत इस्त्रीच्या पोशाखात बसल्या होत्या, पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताखाली झाकून. पाच विषय पटापट झाले. सहाव्याला मास्तर उठले. ते वाईट माणूस नाहीत. हळू आवाजात बोलले, की अकरा आठवडे तो डाग तसाच आहे, बाईंचा दोष नाही, वय कुणाला चुकलंय.

“आई,” गुड्रुन म्हणाली, “आपलं ठरलं होतं ना?”

बाई म्हणाल्या, “मी घासते गं. खूप घासते. मला वाटतं, निघालाय, आणि मग परत दिसतो.” त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. “कदाचित मलाच दिसत असेल.”

मी उठलो. भाषण माझं तयार होतं, पण ते तसंच टाकून मी खोलीबाहेर, तिथून पुढच्या दाराबाहेर गेलो. दार माझ्यामागे लागलं. किल्ली वर घरात होती. मग मला माझ्याच इमारतीची घंटा वाजवावी लागली. मी डाव्या हाताने ‘आइझेले’ लिहिलेलं बटण दाबलं, उजवा मोजा काढला आणि अंगठा मुठीवर ठेवला. दार उघडलं तेव्हा मी असा उभा होतो.

“हा माझा आहे,” मी म्हणालो. “तो पुसून जाणार नाही. मूठसुद्धा ती राहिली नाही. म्हणजे तीच आहे, पण मुलामा आहे.”

आणि मी तंतूपासून तेजाबापर्यंत सगळं सांगितलं. मास्तरांनी मध्येच माझा अंगठा धरला, भिंग लावलं, मुठीकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, व्रण जुळवला. मग खिशातली वही काढली आणि पान उघडून माझ्या नाकासमोर धरलं. ‘पाच जून, चार वाजून दहा मिनिटं. खिडकीतून मूठ पांढरी दिसली.’

“मी नेत्रतज्ज्ञाकडे गेलो होतो,” ते म्हणाले. “दोनदा! मोतीबिंदू नाही म्हणाला. मेंदूचा फोटो काढायला सांगितला!”

“काढलात?”

“पुढच्या मंगळवारी आहे.”

आइझेलेबाई एवढा वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, मुठीजवळ वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग लेकीकडे वळल्या.

“ऐकलंस गुड्रुन? डाग आहे. मला दिसतो तो आहेच तिथं. डोळे ठीक आहेत माझे.”

“हो, आई.”

“आणि हातही ठीक आहेत. याच्यापुढं कुणाचेच चालले नसते. रसायनवाल्यांचेसुद्धा नाही.”

गुड्रुनने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, चला, आता माझ्याकडेही कुणी प्रेमाने बघेल. बाई माझ्याकडे वळल्या.

“गोमेल, अकरा आठवडे मी तुमचा अंगठा घासत होते?”

“हो.”

“आणि तुम्ही वरून बघत होतात?”

फाइग्ले यांनी घसा खाकरून विचारलं, की विषय सहावा पुढे चालवायचा का. मास्तरांनी तो मागे घेतला. बाईंनी उभ्याउभ्याच विषय सातवा मांडला आणि तो माझ्या मतासह एकमताने मंजूर झाला: विनापरवाना मुलामा दिल्याबद्दल गोमेल यांच्या दारावर पाटी सलग अकरा आठवडे राहील आणि कामाची तपासणी श्रीमती आइझेले करतील.

पाटी आता माझ्या दारावर आहे. शनिवारी मी जिना पुसतो, तळघर झाडतो, फुटपाथ झाडतो, आणि शेवटी, अजिबात गरज नसताना, शंभर वर्षं टिकणारी मूठ घासतो. खिडकीतल्या उशीवरून दोन कोपरं उचलली जातात, बाई बाहेर येतात, फोड बरे झालेलं बोट मुठीवरून गोल फिरवतात आणि वरच्या अंगाला थांबवतात.

“गोमेल, इथं एक डाग राहिलाय.”

“बाई, तो जाणार नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे,” बाई म्हणतात. “पुसा.”

मी पुसतो.